मधुमेह हा केवळ साखरेचा आजार नव्हे

मधुमेही व्यक्ती तपासणी करून घरी आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो, "साखर किती निघाली?" आकडा बरा असला की सारे निश्चिंत होतात. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात त्यात आणखी एका समजुतीची भर पडते. रक्तदाब आणि हृदयविकार ही शहरातील लठ्ठ माणसांची दुखणी, शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला त्यांचे भय नाही, असे आपण मानून चालतो. या समजुती धोक्याच्या आहेत. म्हणून मधुमेहासोबत येणाऱ्या 'मेटाबॉलिक सिंड्रोम' या विकारसमूहाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

या विकारसमूहाच्या पाच खुणा आहेत. पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक असणे, रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा त्याहून जास्त असणे, एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी असणे, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर असणे आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक असणे. यांपैकी कोणत्याही तीन आढळल्या की हा विकारसमूह आहे असे समजतात. मधुमेही व्यक्तीत एक खूण आधीच असते. आणखी दोनच पुरेशा होतात.

या साऱ्यांचे मूळ बहुधा एकच असते. पोटात, यकृतात व स्नायूंत चरबी साठली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. मग साखर, चरबी आणि रक्तदाब हे तिन्ही हळूहळू बिघडतात. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली हा परस्परसंबंध जगापुढे ठळकपणे मांडला.

सडपातळ माणसाचे काय? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. त्याचा निर्देशांक दोघांचाही २२.३ भरला. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात असेही दिसले की, आपली बालके जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे लहानखुरी असूनही त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असते. त्यामुळे हातपाय बारीक पण पोट सुटलेले, अशा शरीरयष्टीकडे दुर्लक्ष करू नये.

हा विकारसमूह असलेल्या मधुमेहींना हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका अधिक असतो. कित्येकदा छातीत कळ न येताच झटका येऊन जातो. केवळ धाप, घाम किंवा अतिशय थकवा जाणवतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तरी प्रारंभी काहीच कळत नाही. डोळ्यांचा पडदा आणि यकृत यांनाही इजा पोहोचते. पायांची संवेदना कमी झाल्यामुळे शेतात रुतलेला काटा समजत नाही आणि जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

यावर उपाय आहे. डेन्मार्कच्या स्टेनो मधुमेह केंद्राने १६० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल या तिन्हींवर एकत्रित व काटेकोर उपचार झालेल्या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे निम्म्यावर आला. तात्पर्य, एकट्या साखरेच्या गोळीवर विसंबून राहू नये.

आपण काय करावे? शिंप्याकडील टेपने पोटाचा घेर मोजावा. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात केली जाते, तिचा लाभ घ्यावा. मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिने, कोलेस्टेरॉल व डोळ्यांची तपासणी करावी आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. शेतात अनवाणी जाऊ नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व पालेभाजी हा आपला वऱ्हाडी आहार उत्तमच आहे. मात्र भाकरी मोजून खावी, भाजी वाढवावी, तेल, मीठ व चहातील साखर कमी करावी. कचोरी सणासुदीपुरतीच ठेवावी. तंबाखू पूर्णपणे सोडावी. शेतीची कामे नसतील त्या दिवसांत रोज अर्धा तास झपाझप चालावे.

प्रायश्चित्तकाळात उपवास करू इच्छिणाऱ्या मधुमेहींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी घसरून जीवावर बेतू शकते. आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नाही, हे आपण जाणतोच.

पुढच्या वेळी तपासणीस जाल, तेव्हा "साखर किती?" एवढेच न विचारता रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीच्या तपासणीविषयीही अवश्य विचारावे, अशी आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे.