ठरलेला सौदा आणि ग्राहकाचा हक्क
लग्नघरासाठी पलंग-कपाटाची मागणी पक्की व्हावी, पैसे भरले जावेत आणि ऐनवेळी विक्रेत्याने ती रद्द करावी. अशा वेळी केवळ रक्कम परत मिळाल्याने नुकसान भरून निघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये भरपाईही मागता येते. पावती व संदेश जपून प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे. मग १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. तरीही दाद न लागल्यास २ वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही. फेरविक्रीसाठी घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण नाही. पेढीवर बसणाऱ्यानेही स्मरावे: दिलेला शब्द मोडला, तर गिऱ्हाइकाबरोबर पतही जाते.