फाउंटन ग्रास वाळलं म्हणजे मेलं का? फेकून देण्याआधी हे वाचा

सोसायटीच्या गेटपाशी, हॉटेलच्या अंगणात किंवा एखाद्या रीलमध्ये तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. कमरेएवढं जांभळट गवत, त्यावर मांजराच्या शेपटीसारखे मऊ तुरे आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळा ठोंब एकत्र डोलतो.

मग आपणही नर्सरीतून एक रोप आणतो. सहा-आठ महिने मजेत जातात. त्यानंतर मात्र आतल्या काड्या वाळायला लागतात, तुरे झडतात, ठोंब विस्कटल्यासारखा दिसतो. पाणी वाढवलं तरी फरक पडत नाही. शेवटी "गेलं वाटतं हे" म्हणत आपण ते कचऱ्यात टाकतो.

खरं तर बहुतेक वेळा ते रोप जिवंत असतं. त्याला पाणी नको असतं, कात्री हवी असते!

हे गवत आहे तरी कोणतं?

नर्सरीत 'फाउंटन ग्रास' नावाने मिळणारं हे गवत आपल्या बाजरीचं जवळचं नातेवाईक आहे. दोघांची गणना पूर्वी 'पेनिसेटम' या कुळीत व्हायची, आता वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांनाही 'सेंक्रस' या कुळीत धरतात. तुरा जवळून पाहिलात तर बाजरीच्या कणसाशी असलेलं साम्य लगेच लक्षात येईल.

फरक इतकाच, की बाजरी एका हंगामात संपते आणि फाउंटन ग्रास बहुवर्षायू आहे. म्हणजे त्याचा ठोंब वर्षानुवर्षं जगतो.

मग ते वाळतं का?

गवताच्या एका बुंध्यातून अनेक फुटवे निघतात. भात, गहू, ऊस यांनाही असेच फुटवे येतात. यातला प्रत्येक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो. तुरा आला की त्याचं काम संपलं, मग तो हळूहळू वाळतो. त्याची जागा बुंध्यातून येणारे नवे फुटवे घेतात.

म्हणजे वाळलेल्या काड्या हा आजार नाही, तो गेल्या हंगामाचा पालापाचोळा आहे. रानात तो गुरं खातात. कुंडीत मात्र तो तसाच साचत राहतो, बुंध्यापर्यंत ऊन आणि हवा पोहोचू देत नाही आणि नवे फुटवे दबून जातात.

इथे उसाचा खोडवा आठवा. ऊस जमिनीलगत तोडला की त्याच बुडख्यातून नवं पीक उभं राहतं. आपल्याला कुंडीत नेमकं हेच करायचं आहे.

छाटणी कधी आणि कशी करायची?

वर्षातून एकदा केलेली कडक छाटणी पुरते. महाराष्ट्रात त्यासाठी दोन सोयीच्या वेळा आहेत.

• उन्हाळ्यात नियमित पाणी देता येत असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी. थंडी ओसरल्यावर हे गवत जोमाने वाढतं.

• उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर मेच्या अखेरीस. नवी फूट थेट पावसाच्या पाण्यावर वाढेल.

ऐन पावसाळ्यात मात्र इतकी खोल छाटणी टाळा. कापलेल्या काड्यांत सतत पाणी साचलं तर बुंधा कुजण्याची भीती असते.

पद्धत सोपी आहे. आधी सगळा ठोंब सुतळीने मध्यावर घट्ट बांधा, म्हणजे काड्या इकडे तिकडे पडणार नाहीत. मग जमिनीपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कात्रीने किंवा विळ्याने कापा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण पात्यांनी हात खरचटतात.

अनेक जण जीव होत नाही म्हणून वरची टोकं तेवढी छाटतात. तुळशीचा शेंडा खुडला की ती फुटते, म्हणून इथेही तसंच होईल असं वाटतं. पण फुलून गेलेली गवताची काडी वरून पुन्हा भरत नाही. नवी वाढ बुंध्यातूनच येते. त्यामुळे अर्धवट छाटणीने वाळकी काटकं उभी राहतात, बाकी काही होत नाही.

ऊन, पाणी, खत किती?

ऊन: दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत पानांचा जांभळा रंग उतरून हिरवट होतो, तुरे कमी येतात आणि ठोंब आडवा पडतो. खिडकीच्या आतल्या कोपऱ्यासाठी हे रोप नाही.

पाणी: जमिनीत रुजलेल्या ठोंबाला कमी पाणी चालतं. कुंडीचं गणित वेगळं आहे. कडक उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी लागू शकतं. बोट मातीत घालून पाहा. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

खत: छाटणीनंतर ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत पुरेसं आहे. युरियासारखं नत्रखत जास्त झालं तर पानं लांब आणि लुसलुशीत होतात, पण उभी राहत नाहीत.

मधोमध टक्कल पडलंय?

दोन-तीन वर्षांनी ठोंबाच्या कडेला हिरवळ आणि मध्ये वाळका गोळा असं चित्र दिसतं. याचा अर्थ ठोंब फोडायची वेळ झाली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तो मुळांसकट उकरा. धारदार खुरप्याने किंवा जुन्या सुरीने तीन-चार भाग करा. प्रत्येक भागाला मुळं आणि काही हिरवे फुटवे असायला हवेत. मधला मेलेला भाग टाकून द्या, बाकीचे वेगवेगळे लावा. एका रोपाची चार रोपं झाली!

जांभळं घ्यायचं की हिरवं?

घेताना हा प्रश्न नक्की विचारा. जांभळ्या पानांचं 'रुब्रम' हे संकरित गवत आहे आणि त्याचं बी क्वचितच रुजतं. हिरव्या पानांचं मूळ फाउंटन ग्रास मात्र भरपूर बी धरतं, आणि ते बी वाऱ्याबरोबर दूर जातं.

ते किती महागात पडू शकतं हे हवाईमध्ये दिसलं आहे. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडचं हे गवत तिथे पोहोचलं आणि कोरड्या डोंगरउतारांवर पसरलं. वाळलेल्या गवतामुळे वणवे वाढले. वणव्यानंतर गवत बुंध्यातून पुन्हा फुटतं, पण तिथली स्थानिक झाडं तशी सावरत नाहीत. म्हणजे जी ताकद आपल्या कुंडीत कौतुकाची, तीच रानात घातक ठरते. युरोपीय संघाने २०१७ साली या गवताला घातक परकीय जातींच्या यादीत टाकलं. या यादीतल्या जातींची लागवड आणि विक्री तिथे करता येत नाही.

आपल्याकडची माळरानंही कोरडी आणि उघडी आहेत. पडीक दिसत असली तरी तिथे देशी गवतं, धनगरांचे कळप आणि माळावरचे पक्षी यांचं जग उभं असतं. गावाबाहेरच्या फार्महाऊसवर किंवा डोंगराच्या पायथ्याशी हिरवं फाउंटन ग्रास न लावलेलंच बरं.

तुमच्याकडचं गवत कोणतं आहे अशी शंका असेल तर कुंडीभोवती लक्ष ठेवा. आजूबाजूला आपोआप रोपं उगवत असतील तर ते बी पसरवणारं आहे. तुरे पिकण्याआधीच कापून टाका, किंवा सरळ दुसरं गवत लावा.

देशी पर्याय आहे का?

आहे आणि तो घरातलाच आहे: वाळा. माठातल्या पाण्याला सुगंध देणारी मुळं याच गवताची. वाळ्याचा उंच, ताठ, हिरवागार ठोंब कुंपणालगत छान दिसतो. त्याची मुळं आडवी न पसरता खोल खाली जातात, म्हणून माती धरून ठेवण्यासाठी तो बांधावर आणि उतारावर लावतात. लागवडीखालच्या दक्षिण भारतीय वाळ्याला रुजणारं बी धरत नाही, तो फुटव्यांपासूनच लावावा लागतो. त्यामुळे तो आपणहून पसरत नाही.

फेकण्याआधी एकच तपासणी

वाळलेल्या ठोंबातल्या काड्या बाजूला सारा आणि बुंधा नखाने खरवडून पाहा. आत पांढरट-हिरवट आणि टणक लागलं तर रोप जिवंत आहे. छाटा, पाणी द्या आणि ऊबदार दिवसांत दोन-तीन आठवडे वाट पाहा. बुंधा मऊ पडला असेल, कुजका वास येत असेल आणि काडी ओढताच हातात येत असेल, तरच ते रोप गेलं असं समजा.