टोमॅटोच्या बगलेतलं दुसरं झाड

पनवेलच्या पावसात टोमॅटोचं काही खरं नसतं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं, कुंडीतली माती सुकत नाही आणि पानांवर करपा चढतो. त्यामुळे खारघर-कामोठ्याच्या गॅलऱ्यांत आणि नवीन पनवेलच्या गच्च्यांवर टोमॅटोची रोपं गणपती उरकल्यावरच लागतात. दिवाळी सरता सरता झाड कमरेला येतं, आणि पान जिथे खोडाला मिळतं त्या बेचक्यातून एकेक कोवळा कोंब निघू लागतो. शेतकरी त्याला बगलफूट म्हणतात. नारायणगावकडे तार-बांबूवर चढवलेल्या टोमॅटोच्या खालच्या बगलफुटी खुडून टाकतात. त्या राहिल्या तर झाड पाल्यानं गच्च होतं, हवा खेळत नाही आणि फळ बारीक राहतं.

आता खुडलेली अशीच एक वीतभर फूट फेकण्याऐवजी ग्लासभर पाण्यात उभी करून सावलीत ठेवा. पहिल्या दिवशी ती मान टाकेल. दोन-तीन दिवसांत सावरेल. आठवडा-दहा दिवसांत पाण्यातल्या खोडावर पांढरे ठिपके उठतील आणि त्यांतून मुळ्या सुटतील. ना औषध, ना पावडर. ज्या खोडानं आजवर कधी माती पाहिली नव्हती, त्याला मूळ व्हायचं कुणी शिकवलं?

याचं उत्तर शेंड्यात आहे. वाढत्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली, मुळांच्या दिशेनं पाठवलं जातं. खोड कापलं की ही वाट मध्येच तुटते. वरून येणारं ऑक्सिन कापाच्या टोकाशी साचत जातं. रसवाहिन्यांच्या आजूबाजूच्या पेशी, ज्या इतके दिवस निमूटपणे खोडाचं काम करत होत्या, त्या या साठ्यामुळे पुन्हा विभागू लागतात आणि नव्या मुळाचं टोक घडवतात. टोमॅटोत ही तयारी इतकी जय्यत असते की जमिनीलगतच्या खोडावर मुळांचे उंचवटे न कापताही डोळ्यांना दिसतात. खोड पाण्यात बुडालं किंवा मातीवर आडवं झालं, तरी ते तिथे मुळ्या सोडतं.

या संप्रेरकाचा शोधही चक्रावून टाकणारा आहे. वनस्पतींची वाढ चालवणारं इंडोल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड 1934 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे फ्रिट्झ कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं केलं, आणि तेही माणसाच्या लघवीतून! लगेच पुढच्या वर्षी केनेथ थिमन आणि जोसेफ कोफ्ली यांनी दाखवून दिलं, की कलमाला मुळं फुटवणारा पदार्थ हाच.

पण खरा धक्का पुढेच आहे. टोमॅटोचं जे उंच, सरळ खोड आपण सुतळीनं बांधतो, ते एक खोड नाहीच. बी रुजल्यावर झाड आठ-दहा पानं काढतं आणि मग त्याच्या शेंड्याचाच फुलोरा होतो. मूळ शेंड्याची वाढ तिथे संपली. पुढची वाढ करते ती त्या फुलोऱ्याच्या लगेच खालच्या पानाच्या बगलेतली फूट. तीही साधारण तीन पानं काढते, फुलोऱ्यात संपते आणि काम पुढच्या बगलफुटीकडे देते. पालखीचे भोई बदलत जातात आणि बघणाऱ्याला पालखी अखंड चाललेली दिसते, तसं हे खोड. बुटक्या, झुडपी जातींत एका जनुकातल्या बदलामुळे हा क्रम लवकर आटोपतो, म्हणून त्या ठरावीक उंचीवर थांबतात. तेव्हा आपण जी फूट निरुपयोगी म्हणून खुडतो आणि जिला झाडाचा कणा समजून जपतो, त्या दोघी एकाच जातकुळीच्या आहेत. पानाच्या बगलेत बसलेल्या प्रत्येक डोळ्याजवळ अख्खं झाड घडवण्याची ऐपत आहे.

बहुतेक प्राण्यांना हे जमत नाही. पालीची शेपटी तुटली तर पालीला नवी शेपटी येते. शेपटीला नवी पाल येत नाही. वनस्पतीच्या एका पेशीतून पूर्ण रोप घडू शकेल, ही कल्पना गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 मध्येच मांडली होती. 1958 मध्ये फ्रेडरिक स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपं वाढवून तिला बळ दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तर, ज्या बांबूला फुलायला एरवी दशकं लागतात, त्याच्या ऊतींना बाटलीत काही महिन्यांतच फुलवलं. त्यांचा निबंध 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. त्या बाटलीतली आणि तुमच्या ग्लासातली करामत एकाच मुळावर उभी आहे: वनस्पतीच्या पेशीला नेमून दिलेलं काम कायमचं नसतं.

फुटीपासून आलेलं रोप मूळ झाडाचं अपत्य नाही, ते तेच झाड आहे. बाजारातलं टोमॅटोचं बी बहुतेक संकरित असतं. त्याच्या फळातलं बी पुन्हा पेरलं तर गुण विखुरतात. फुटीत मात्र ते जसेच्या तसे उतरतात. शिवाय तिला बाळपण नव्यानं काढावं लागत नाही, म्हणून ती बियाच्या रोपापेक्षा लवकर फुलते. पनवेलकरांना हा वाचलेला वेळ मोलाचा. इथे मार्च सरला की उकाडा वाढतो, पराग निकामी होऊ लागतो आणि फुलं गळतात. नोव्हेंबरात लावलेली फूट त्याआधी फळाला येते.

फूट सकाळी काढा, फूल नसलेली निवडा. खालची पानं काढून टाका, वर दोन-तीनच ठेवा. मुळं नसताना जास्त पानं म्हणजे नुसता पाण्याचा खर्च. पाणी रोज बदला, किंवा थेट ओल्या कोकोपीटमध्ये खोचा. मुळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की खोड खोल पुरून लावा आणि चार दिवस सावलीत ठेवा, कारण पाण्यात वाढलेल्या मुळ्या नाजूक असतात.

एक मात्र लक्षात ठेवा. गुणांबरोबर दुखणीही जशीच्या तशी उतरतात. पांढऱ्या माशीनं आणलेला पर्णगुच्छ किंवा दुसरा एखादा विषाणू झाडात असेल तर तो फुटीतही असतोच. म्हणून पानं आकसलेल्या, पिवळट झाडाच्या फुटी खुशाल फेका. आणि सगळ्यात निरोगी, सगळ्यात गोड फळ देणाऱ्या झाडाची एक तरी फूट यंदा फेकू नका.