दैव कीं प्रमाद ?

तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतली गोष्ट. संध्याकाळीं देवळांतून परत येतांना आमच्या वहिनींचा पाय गल्लींतल्या एका चरांत गेला. नळाच्या कामासाठीं तो खणलेला होता. त्यावर ना फळी, ना भोंवतीं दोरी, ना जवळ दिवा. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली. चार महिने वहिनी अंथरुणाला खिळल्या. ज्यांच्या हातावर अकरा माणसांचें घर चाले, त्यांना पाण्याचा पेला द्यावयासही दुसरें माणूस लागूं लागलें. भेटीस येणारा प्रत्येकजण म्हणे, "दैवापुढें कोणाचें चालतें ?" आम्हीही मान डोलवीत असूं. वहिनी मात्र एकदां म्हणाल्या, "भावजी, खड्डा दैवानें खणला नव्हता हो; माणसांनीं खणला होता."

त्या वाक्यानें मी जागा झालों, पण उशिरां. चर केव्हांच बुजला होता. त्याचें छायाचित्र कोणीं घेतलें नव्हतें, पाहणाऱ्यांचे जबाब नव्हते, औषधांच्या निम्म्या पावत्या हरवल्या होत्या. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविणाऱ्या मला दैव आणि प्रमाद या दोन शब्दांतला भेद स्वतःच्या घरांत ओळखतां आला नाहीं !

वास्तविक हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. मनुस्मृतींतल्या पुष्कळ गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत, व तें योग्यच झालें; परंतु तिच्या आठव्या अध्यायांतला गाडीच्या अपघाताचा विचार पाहण्यासारखा आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, अथवा हांकणारानें "बाजूस व्हा" म्हणून ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. एरव्हीं आहे. हांकणाराच्या अकुशलतेमुळें गाडी भलतीकडे वळून इजा झाली, तर दंड मालकास ! त्याच अध्यायांत मारहाणीच्या प्रकरणीं सांगितलें आहे कीं, जखमीचा 'समुत्थानव्यय' इजा करणारानें द्यावा. समुत्थान म्हणजे पुन्हां उठून उभें राहणें. ज्यानें पाडलें त्यानें उठण्याचा खर्च सोसावा. नुकसानभरपाईला याहून अर्थपूर्ण शब्द मला आढळला नाहीं.

आजचा कायदाही याच वाटेनें चालतो. दिल्लीच्या चांदणी चौकांतला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसें दगावलीं. मनोरा ऐंशी वर्षांचा, आंतला चुना निकामी झालेला. सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं ठरविलें कीं, रस्त्यालगतच्या इमारतीची निगा राखणें हें मालकाचें कर्तव्य होय, आणि दोष दिसला नाहीं ही सबब चालणार नाहीं. ती मालक खुद्द नगरपालिका होती. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें रस्त्यांवरील खड्डे व उघडे मॅनहोल यांमुळें मृत्यू आल्यास वारसांस ६ लक्ष रुपये, व जखमीस ५० हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई ठरवून दिली.

मोटारीच्या अपघातासाठीं १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा. तो अपघात झाला तेथेंच करावा असें नाहीं. आपण राहतों त्या भागांतही करतां येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीविषयींचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेलेला असला, तरी शहाण्यानें ती पाळावी.

"बाई कमावत नव्हती, मग भरपाई कसली ?" असें कोणी म्हणेल. १९८९ सालच्या जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं गृहिणीच्या सेवेचें मोल दरमहा ३,००० रुपये धरलें. ज्या श्रमाला घरांत कोणी श्रम म्हणत नव्हतें, त्याचा हिशेब न्यायासनानें मांडला. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रियांस उत्पन्नाची अट न घालतां मोफत वकील मिळूं शकतो. जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

म्हणून संकट आलें असतां जखमीस प्रथम रुग्णालयांत न्यावें हें सांगणें नलगे. परंतु घरांतल्या दुसऱ्या कोणीं त्याच दिवशीं जागेचें छायाचित्र घ्यावें, पाहणाऱ्यांचीं नांवें व पत्ते लिहून ठेवावे, पोलिसांत नोंद करवावी, आणि रुग्णालयाचे कागद व प्रत्येक पावती एका पिशवींत जपावी. एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. हें काम आपलें मानणाऱ्याची असते.

हक्क सांगणारानें आपलें कर्तव्यही पाहावें. आपल्या कठड्यावरची सैल कुंडी, जिन्यावरचा अंधार, ओलें न्हाणीघर, हेही प्रमादच. अठरा वर्षें पुरीं न झालेल्या, परवाना नसलेल्या नातवाच्या हातीं कौतुकानें स्कूटर देणारे आजोबा मला रोज दिसतात. अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें केली आहे. मालक दंडास पात्र, हा जुनाच विचार नव्या वेषांत आला म्हणावयाचा.

वहिनी आतां काठी टेकीत देवळांत जातात. गेल्या वर्षीं त्याच गल्लींत पुन्हां चर खणला गेला. पुतण्यानें छायाचित्र काढलें, लेखी अर्ज दिला आणि पोंच घेतली. दुसऱ्या दिवशीं चरावर फळ्या पडल्या. दैवाला हात जोडण्यास मी अजूनही तयार आहें. पण माणसांचा प्रमाद त्याच्या माथीं मारण्यास मात्र नाहीं.