रक्ताचा रंग आणि प्रकाशाची साक्ष

महोत्सवाच्या स्मरणिकेत रसायनशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण विषय आपल्या घरातला, किंबहुना अंगातलाच आहे.

रक्त तांबडे का, असे आम्ही वर्गात विचारतो तेव्हा मुले चटकन 'लोहामुळे' म्हणतात. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. गंजलेल्या खिळ्यातही लोहच असते. पण त्याला रक्ताचा रंग येत नाही. लोहाच्या शेजारी कोण बसले आहे, यावर रंग ठरतो.

चार कर्ब व एक नत्र अशा अणूंच्या पंचकोनी कड्यास पायरोल म्हणतात. अशी चार कडी जोडून एक मोठे कडे होते आणि त्यांचे चार नत्र अणू मधल्या लोहास धरून ठेवतात. हेच रक्तातील हीम. लोहाच्या जागी मॅग्नेशियम आले व कड्यात थोडा फेरफार झाला की पानातील हरितद्रव्य होते.

ही रचना डोळ्यांना दिसत नाही. प्रकाशाची साक्ष काढावी लागते. रक्ताच्या पातळ द्रावणातून आलेला प्रकाश लोलकातून पाहिल्यास वर्णपटात काळे पट्टे दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ होप्पे-झाइलर यांनी १८६२ साली ते नोंदले. १८६४ साली इंग्लंडात स्टोक्स यांनी दाखविले की, प्राणवायू काढून घेतला म्हणजे दोन पट्ट्यांच्या जागी एकच उरतो आणि हवा लागताच पुन्हा दोन होतात. ते दोन सुमारे ५४१ व ५७७ नॅनोमीटरवर असतात, तर एकटा ५५५ च्या आसपास. पुढे हान्स फिशर यांनी १९२९ साली हेमिन प्रयोगशाळेत घडवून या रचनेवर शिक्कामोर्तब केले. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

२०२० च्या साथीत घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. तो सुमारे ६६० व ९४० नॅनोमीटर अशा दोनच प्रकाशांची साक्ष घेतो आणि येथेच फसतो. कोळशाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे लोहास चिकटतो. पण त्या रक्ताचा लाल रंग या यंत्रास प्राणवायूचाच वाटतो. माणूस गुदमरत असता आकडा अठ्ठ्याण्णव दिसू शकतो.

म्हणून ग्वाल्हेर-इंदूरच्या थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कोणी झोपू नये. गॅस गीझरच्या न्हाणीघरात हवा खेळती असावी. डोके दुखू लागले, भोवळ आली, तर आकड्यावर विसंबू नका. दारे-खिडक्या उघडा, माणसास बाहेर मोकळ्या हवेत आणा व तडक रुग्णालयात न्या. तेथे अधिक तरंगलांबींनी रक्त तपासून हा वायू ओळखता येतो.