घरची कॉफी : मशीन आधी की भुकटी आधी?

आपल्या बेंबळीकडे दुकानात गिऱ्हाईक आले की चहा सांगायचा, ही रीत जुनी आहे. कॉफी म्हटले की दूध उकळायचे, त्यात साखर आणि इन्स्टंट कॉफीचा एक चमचा टाकायचा, झाली कॉफी. लग्नसराईत मंडपाच्या कडेला वाफेचे मशीन फुसफुसते आणि लोक कागदी ग्लास घेऊन रांग लावतात. त्यापलीकडे कॉफीचा विचार करण्याची आपल्याला गरज पडली नाही. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-हैदराबादला शिकणारी, नोकरी करणारी मुले घरी येतात ती वेगळ्या कॉफीची चव घेऊन. आखातातून सुटीवर आलेले नातेवाईक वेगळीच कॉफी सांगतात. मग घरात प्रश्न निघतो की मशीन घ्यावी काय, आणि कोणती?

या धंद्यात मी नाही, माझा धंदा कापडाचा. पण मालाच्या खरेदीसाठी सोलापूरमार्गे बंगळूर आणि पुढे इरोड-सेलमपर्यंत जाणे-येणे पुष्कळ झाले. तिकडची कॉफी प्यालो, करणाऱ्यांना विचारले, घरी करून पाहिली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, घरच्या कॉफीत दहापैकी सात आणे काम भुकटीचे आणि पाण्याचे असते. मशीनचा नंबर त्यानंतर लागतो. दुकानदार मात्र मशीन आधी दाखवतो, कारण त्याचा नफा तिथे आहे.

कॉफी आपल्याला परकी नाही, हेही लक्षात घ्यावे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी कहवा पीत असत. तिथल्या मोखा बंदरातून हा माल जगभर गेला. सतराव्या शतकात हजरत बाबा बुढन यांनी हजहून परतताना मोख्याचे सात दाणे आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, असे सांगितले जाते. त्या डोंगराला आजही बाबाबुढनगिरी म्हणतात. आज भारतातील सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याच्या डोंगरावर इंग्रजांच्या काळात कॉफी लावली गेली, पण ते पीक थोडे. म्हणजे आपण कर्नाटकाच्या सीमेजवळ राहून बाटलीतली इन्स्टंट कॉफी पितो आणि चांगला माल जहाजाने परदेशी जातो.

आता माल ओळखण्याकडे येऊ. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंच डोंगरावर होते, तिला सुगंध जास्त आणि कडवटपणा कमी. रोबस्टा खालच्या भागात होते, कडक असते, तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. आपले म्हशीचे दाट दूध घेतले तर निव्वळ अरेबिका त्यात हरवून जाते. थोडी रोबस्टा असली की दूध तिला दाबू शकत नाही. बिनदुधाची पिणार असाल तर अरेबिकाच घ्यावी.

तिसरी गोष्ट चिकोरी. ही कॉफी नव्हे, एका झाडाचे मूळ भाजून केलेली भुकटी आहे. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. ती रंग काळा करते, अर्क दाट करते आणि स्वस्त पडते. तिच्यात कॅफीन नसते. दक्षिणेत ती आवडीने घालतात, त्यात वाईट काही नाही. पण कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. पाकीट उलटे करून ते वाचावे. आपण कापड घेताना त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती हे विचारतोच, मग येथे का विचारू नये? चिकोरी १५-२० टक्के असेल तर चव चांगली जमते. चाळीसच्या पुढे गेली की आपण मूळ विकत घेत आहोत असे समजावे.

दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. किलोचे पाकीट स्वस्त दिसते, पण महिनाभरात त्याची माती होते. पाव किलोच आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, मसाल्याच्या कपाटात ठेवू नये. भाजलेले दाणे आणून घरी दळले तर उत्तमच. मात्र ज्या भांड्यात लाल तिखट दळतो त्यात दळू नये, मिक्सरला वेगळे भांडे ठेवावे आणि थांबत थांबत फिरवावे, नाहीतर भुकटी तापते. दळण कसे हवे, तर फिल्टरसाठी बारीक रव्यासारखे, दाबाच्या काचेच्या भांड्यासाठी जाड रव्यासारखे आणि तुर्की पद्धतीसाठी मैद्यासारखे. बिघडलेल्या कॉफीचे कारण बहुतेक वेळा हेच असते की दळण एका पद्धतीचे आणि भांडे दुसऱ्या.

आता पद्धती. माझ्या मते आपल्या घरांसाठी सर्वांत चांगला तो दक्षिणेचा साधा फिल्टर. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोके. चार कपांसाठी वरच्या डब्यात २४ ग्रॅम, म्हणजे शिगोशीग तीन मोठे चमचे भुकटी घालावी. चकती ठेवून हलके दाबावे, फार नाही. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबावे. आधी थोडे पाणी घालून भुकटी भिजू द्यावी, मग उरलेले मिळून दीडशे मिलीहून थोडे जास्त. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. खाली जो अर्क जमतो त्याला डिकॉक्शन म्हणतात. दोन मिनिटांत सारे खाली गेले तर दळण जाड आहे. अर्धा तास झाला तरी थेंब पडत नसेल तर दळण फार बारीक आहे किंवा जास्त दाबले गेले आहे.

दूध वेगळे तापवावे आणि प्रत्येक कपात २५ ते ३० मिली अर्क घालून वरून गरम दूध ओतावे. अर्क पुन्हा आचेवर ठेवू नये, तो कडू होतो. आपल्याकडे बायका दुधातच भुकटी उकळतात, सवयच तशी आहे. चहाची पत्ती उकळणे सोसते, कॉफीला ते सोसत नाही. ज्यांना जायफळ-वेलची हवी त्यांनी ती दुधात घालावी.

हिशोब पाहा. पाव किलोच्या पाकिटातून २४ ग्रॅमच्या दहा फेऱ्या, म्हणजे चाळीस कप. पाकिटाच्या किमतीला चाळीसने भागा, तो झाला भुकटीचा खर्च. दूध-साखर आपण तशीही घालतोच. सकाळी एकदा अर्क काढून ठेवला तर दुकानात दुपारपर्यंत आलेल्या गिऱ्हाइकांना दोन मिनिटांत कॉफी देता येते. फिल्टरला वीज लागत नाही, हे आपल्या भागात लहान गोष्ट समजू नये.

फिल्टर स्टीलचा आणि पितळेचा, दोन्ही मिळतात. पितळेचा दिसायला सुंदर आणि उष्णता धरतो, पण कॉफीत आंबटपणाचा अंश असतो. म्हणून आतून कल्हई असलेलाच घ्यावा आणि कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यावी. आपल्यातील कित्येक कल्हईगरांची भट्टी स्टीलच्या भांड्यांमुळे थंड पडली. पितळेच्या वस्तूंचा शौक शहरात पुन्हा वाढतो आहे, त्यात हे एक लहान काम आहे. भांड्यांच्या दुकानदारांशी बोलून ठेवण्यासारखे.

आता माझ्या धंद्याजवळची गोष्ट. फिल्टर नसेल तर कापड चालते, आणि नुसते चालत नाही, फार छान चालते. मलेशिया-सिंगापूरच्या कॉफीच्या दुकानांत आजही दांड्याला लावलेल्या लांब कापडी पिशवीतून कॉफी गाळतात. ब्राझीलच्या घरांतून, मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकात लाकडी घोडीला पिशवी टांगून हेच करतात. जपानात फलालीनच्या गाळणीची कॉफी विशेष मानली जाते. कागदाची गाळणी यानंतरची आहे. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद भोके पाडलेल्या भांड्यात घालून ती काढली आणि पुढे त्याचा मोठा कारखाना झाला.

कापड कोणते घ्यावे? मलमल घेऊ नये, तिचा ताणा-बाणा विरळ असतो आणि गाळ खाली उतरतो. जाड मांजरपाट घेतला तर पाणी अडून राहते. सर्वांत चांगले सुती फलालीन. त्याच्या एका बाजूला लव असते, ती बारीक कण धरून ठेवते आणि तेलकट अंश मात्र जाऊ देते, म्हणून कॉफी कागदातून गाळलेल्यापेक्षा भरीव लागते. कापड पांढरे किंवा कोरे असावे, रंगीत नको. पॉलिस्टरची भेसळ नको, त्याची ओळख जळत्या काडीने होते : सुताची राख होते, पॉलिस्टरची गोळी. नव्या कापडाला खळ असते. ती निघेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलून उकळावे, नाहीतर पहिला कप खळीचाच. पिशवी वीतभर खोल, खाली निमुळती शिवावी, तोंडाशी जाड स्टीलची तार ओवावी. शिवण दुमडून घ्यावी, दोरे आत लोंबू नयेत. साबण कधी लावू नये, वास बसतो. वापर झाला की साध्या पाण्याने धुवावी आणि स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी, पाणी रोज बदलावे. वाळवून ठेवली तर आतले तेल खवट होते. दोन-तीन महिन्यांनी नवी घ्यावी. शिंप्याच्या उरलेल्या तुकड्यात अशा चार निघतात.

पाण्याचे सांगायचे राहिले. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तो आपण पाहतोच. असल्या पाण्यात कॉफीचा सुगंध दबतो आणि चव मातकट लागते. जारचे किंवा फिल्टरचे पाणी वापरून एकदा फरक पाहावा. विजेच्या मशीनमध्ये तर हा थर नळ्यांत बसतो आणि मशीन बंद पडते. लिंबूसत पाण्यात विरघळवून अधूनमधून फिरवावे लागते, हे विकणारा क्वचितच सांगतो.

बाकीची भांडी थोडक्यात. इटलीच्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये आणलेला मोका पॉट गॅसवर ठेवायचा. खालचे पाणी वाफेच्या दाबाने भुकटीतून वर चढते. अर्क दाट निघतो, आपल्या दुधाला चांगला. मंद आच ठेवावी आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवावा. काचेचे दाबाचे भांडे, ज्याला फ्रेंच प्रेस म्हणतात, त्यात जाड भुकटी चार मिनिटे भिजवून जाळी खाली दाबायची. बिनदुधाच्या कॉफीला ते ठीक आहे, दूध घालणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

आता एस्प्रेसो. लग्नात आपण जिला ‘एक्स्प्रेसो’ म्हणतो ती एस्प्रेसो नव्हेच. ती इन्स्टंट कॉफी आणि दूध, त्यात वाफेची नळी सोडलेली. चव वाईट नसते, पण नाव दुसऱ्याचे आहे. खऱ्या एस्प्रेसोत हवेच्या दाबाच्या नऊ पट दाबाने गरम पाणी बारीक भुकटीतून पंचवीस-तीस सेकंदांत काढतात. वाफेवर चालणाऱ्या स्वस्त घरगुती मशीनला इतका दाब येत नाही. पंपाच्या मशीनला येतो, पण तिला तितकीच चांगली दळणी लागते, ताजे दाणे लागतात आणि हाताला सराव लागतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी अशी मशीन पलंगपोस घालून ठेवलेली पाहिली. आत पाणी जड गेले आणि दुरुस्ती करणारा सोलापुरातही सापडेना. ज्याला कॉफीचा गाडा किंवा दुकान टाकायचे आहे त्याची गोष्ट निराळी, त्याने आधी दुरुस्तीवाला शोधावा आणि मग मशीन. कॅप्सूलच्या मशीनबद्दल व्यापारी म्हणून एकच सांगतो : मशीन एकदा घ्यायची आणि माल कायम ठरावीक नमुन्याचाच. असा सौदा आपण सुताच्या बाबतीत कधी मान्य करू काय?

रियाधहून आलेल्या माझ्या भाच्याने घरी अरबी कहवा केला. दाणे फिकट भाजलेले, वेलची भरपूर, दूध नाही, साखर नाही, सोबत खजूर. मी माझी फिल्टरची त्याच्यापुढे ठेवली तर म्हणाला, “मामू, ही तर दुधाची खीर झाली.” ज्याची त्याची जीभ. त्या कहव्याला साधे पातेले पुरते, मशीनची काही गरज नाही.

भावाचे म्हणाल तर कॉफी महाग झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची हद्द ओलांडली, आणि त्याची झळ इकडच्या पाकिटालाही लागली. अलबत्ता, सप्टेंबर २०२५ मध्ये इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भाजून दळलेल्या कॉफीवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. म्हणून किराणा दुकानदार बंधूंनी बाटल्यांच्या शेजारी पाव किलोची फिल्टर कॉफीची चार पाकिटे आणि दोन स्टीलचे फिल्टर ठेवून पाहावेत. पाकिटे एकदम जास्त भरू नयेत, हा माल कापडासारखा कपाटात थांबत नाही.