माद्रिदच्या संग्रहालयात दोन तास

माद्रिदला गेलेली आपली माणसे राजवाडा पाहतात, फुटबॉलचे मैदान पाहतात आणि कुर्तुब्याची गाडी धरतात. ती गाडी ज्या आतोचा स्टेशनवरून सुटते, त्याच्या जवळच रेइना सोफिया हे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. दोन्ही मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो. (माद्रिद हे शहरही नवव्या शतकात कुर्तुब्याचे अमीर मुहम्मद पहिले यांच्या किल्ल्याभोवती वसलेले, हे मुलांना सांगून ठेवले होते.)

इमारत अठराव्या शतकातल्या इस्पितळाची. जाड भिंती, लांबलचक व्हरांडे, मधे अंगण. बाहेरून मात्र काचेच्या लिफ्ट. वर बरेच असे दिसते की ज्याला कला का म्हणावे, हा प्रश्न पडतोच. पण दुसऱ्या मजल्यावर पिकासोचे ‘गेर्निका’ आहे. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे गाव जाळले. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी हे चित्र काढले.

दहावीतल्या आमच्या मुलीने विचारले, “अब्बा, यात विमान कुठे आहे?” खरेच नाही. शत्रूही नाही, रंगही नाहीत. वर्तमानपत्रासारखे काळे, पांढरे, राखाडी. डाव्या बाजूला मेलेले लेकरू हातांवर घेतलेली आई, मान मागे टाकून ओरडते आहे. गाव कोणते, हे चित्रात कुठेच लिहिलेले नाही. गाझाच्या बातम्या रोज पाहणाऱ्या आमच्या घराला ते विचारावेही लागले नाही.

स्पेनमध्ये स्वातंत्र्य येईपर्यंत चित्र तिथे न्यायचे नाही, ही पिकासोची अट. तो १९७३ मध्ये वारला; चित्र न्यूयॉर्कहून आले १९८१ मध्ये.

आणखी एक गोष्ट आमच्या बहिणींसाठी. याच संग्रहालयाने २०१५-१६ मध्ये नसरीन मोहम्मदी यांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. जन्म कराचीचा, १९३७ चा, शिक्षण लंडन-पॅरिसला, १९७२ पासून बडोद्याला शिक्षिका, इंतकाल १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. कागद, पेन्सिल, शाई आणि सरळ बारीक रेघा, एवढेच त्यांचे सामान. त्या रेघांत ना माणूस, ना प्राणी. तरीही आमच्या शाळेत दरवर्षी दोन-चार घरांतून निरोप येतो: मुलगी मोठी झाली, आता एलिमेंट्रीचा फॉर्म भरू नका. कारण विचारले तर “चित्रे काढून काय मिळणार?” आम्हाला हे पटत नाही, आणि यंदा पालकसभेत आम्ही नसरीन यांचे नाव घेणार आहोत.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी संग्रहालय बंद असते. रविवार सोडून इतर दिवशी संध्याकाळी सात ते नऊ प्रवेश मोफत. तेव्हा गर्दी होते, म्हणून आधी दुसरा मजला गाठावा.